कारंज्यावरचं कॅलिप्सो

ज्या वर्षी आमच्या कॉम्प्लेक्समधल्या दोन्ही बोअरवेल आटल्या, त्याच वर्षी आमच्या अध्यक्षांनी संगीतावर नाचणारं कारंजं बांधलं. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. अध्यक्षांनीही विनोद म्हणून बांधलं नव्हतं, हीच तर अडचण होती.

बंगलोरच्या यशवंतपूरला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर आमचे चार टॉवर उभे आहेत. नाव इटालियन. त्याचा उच्चार रिक्षावाल्यांना येत नाही आणि आम्हालाही येत नाही, त्यामुळे सगळेच 'जुनी फॅक्टरी' म्हणतात. मी आणि नवरा नागपूरहून नोकरीसाठी आलो आणि इथेच फ्लॅट घेऊन बसलो. आमच्यासारखी पुण्या-मुंबईची, नागपूरची बरीच मंडळी इथं आहेत. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, घरात मराठी आणि इंग्रजी, भाजीवाल्याशी 'स्वल्प कमी करा अण्णा', अशी आमची भाषिक प्रगती.

अध्यक्ष मूळचे पुण्याचे. आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त झाल्यावर हाताखाली माणसं नाहीत म्हणून करमेना, तेव्हा असोसिएशनच्या निवडणुकीला उभे राहिले. दुसरं कोणी उभं राहिलंच नाही, त्यामुळे प्रचंड बहुमतानं निवडून आले. ते 'कारंजं' कधीच म्हणत नसत. 'वॉटर फीचर' म्हणत. आणि पाण्याबद्दल कोणी तक्रार केली की प्रसन्न हसून म्हणत, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!" म्हणजे, जरा सांभाळून घ्या. इतक्या वर्षांत कन्नडमधलं हे एवढं एक वाक्य त्यांनी आत्मसात केलं होतं. राज्य करायला तेवढं पुरतं.

त्या उन्हाळ्यात नळाला सकाळी तासभर पाणी येई. पुढे दिवसभर बादल्या. आणि कारंज्याच्या हौदात मात्र टँकरची जाडजूड पाइप सोडलेली असायची. "ते रिसायकल्ड वॉटर आहे, गाईज," असं अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं. आम्ही बाल्कनीतून टँकर बघत होतो आणि फोनवर रिसायकल्ड वॉटर वाचत होतो. दोन्हींवर एकाच वेळी विश्वास ठेवायची सवय आम्हाला ऑफिसात लागलेलीच होती.

उद्घाटनाला काहीतरी 'फन' हवं म्हणून अध्यक्षांना अक्का आठवल्या.

अक्का म्हणजे तिसऱ्या टॉवरमधल्या एक वृद्ध बाई. त्या मूळच्या त्रिनिदादच्या, काळ्या, उंच, पांढऱ्या कुरळ्या केसांच्या. शिकायला इंग्लंडला गेलेला एक मराठी इंजिनियर त्यांना तिथे भेटला, आणि त्याच्याशी लग्न करून त्या बंगलोरला आल्या. तो इथल्या एका सरकारी कारखान्यात होता. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये धारवाडकडच्या सासूच्या हाताखाली त्यांचा संसार झाला. त्यामुळे त्यांचं मराठी म्हणजे धारवाडी हेल, कन्नड शब्द आणि वर त्रिनिदादचा झोका. नवरा गेल्यावर क्वार्टर्स सुटले आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. आमच्यातल्या बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधीपासून त्या बंगलोरात होत्या. तरीही आमचे लोक त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात इंग्रजी बोलत. "आंटी! यू! लाइक! इडली?" त्यावर त्या शांतपणे म्हणत, "इडली राहू दे रे. चटणी आंबलीय तुझी."

तर अध्यक्षांनी त्यांना सांगितलं, "समथिंग कॅरिबियन, यू नो. बीच, सनशाइन, हॅपी." अक्का म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी त्या चार तारांची छोटीशी गिटार घेऊन कारंज्यासमोर खुर्चीवर बसल्या. मागे निळं, गुलाबी, हिरवं पाणी उड्या मारत होतं. समोर आम्ही सगळे, सकाळपासून आंघोळीविना. त्यांनी तार छेडली आणि इतका आनंदी ठेका सुरू झाला की पाय आपोआप हलायला लागले. गाणं इंग्रजीत होतं, पण त्यांच्या बेटाच्या इंग्रजीत. त्यातले शब्द अर्धे गिळलेले असतात आणि उरलेले डोलत येतात. लोकांना काही कळलं नाही. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

मला कळलं. माझ्या ऑफिसचा एक क्लायंट त्याच बेटांवरचा होता. त्याची चिडलेली फोनवरची बडबड ऐकण्यात माझी नोकरीची पाच-सहा वर्षं गेली होती. ती विद्या आयुष्यात कुठे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. गाण्यात असं होतं की एक राजा होता, त्याच्या गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. राजा म्हणाला, रांग फार रटाळ दिसते, जरा करमणूक करू, आणि त्यानं त्यांच्यासमोर पाणी नाचवलं. पुढच्या कडव्यात राजा स्वतःच नाचायला लागतो, कारण त्याला वाटतं गाणं त्याच्या कौतुकाचं आहे.

आणि नेमके त्याच कडव्याला आमचे अध्यक्ष उठले. हात वर करून, कंबर हलवत, "कम ऑन गाईज!" म्हणत कारंज्याभोवती नाचू लागले. कमिटीही त्यांच्यामागे नाचू लागली. माझा नवरा कमिटीत होता. तोही नाचला.

मी तोंडात ओढणी कोंबली. तरी हसू फुटलंच. अक्कांनी गाता गाता माझ्याकडे पाहिलं आणि एक भुवई उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉफीला बोलावलं. पितळी फिल्टरमधली कॉफी वाटीत ओतत म्हणाल्या, "तुला समजलं काल?"

"सगळं नाही. पण राजा नाचतो ते समजलं."

"मग पुष्कळ समजलं."

त्यांचे वडील गोदीत मजूर होते आणि कार्निव्हलच्या दिवसांत तंबूत गात. कॅलिप्सो म्हणजे बीचवर छत्री लावून ऐकायचं गाणं, हा आपला समज. अक्कांच्या लहानपणी तो लोकांचा अग्रलेख होता. भाव वाढले, की गाणं. गव्हर्नरच्या बायकोनं नवीन टोपी घातली, तरी गाणं. एखादा पुढारी निवडणुकीआधी पूल देतो म्हणाला आणि नंतर नदीच विसरला, मग तर दोन गाणी. तंबूत तो पुढारी पहिल्या रांगेत येऊन बसे, कारण न येणं म्हणजे घाबरणं.

"आणि चालायचं हे?" मी विचारलं.

"कसलं चालतंय! साहेबाच्या राज्यात गाणं आधी पोलिसांना दाखवावं लागे, असं माझे वडील सांगत. पोलीस वाचून म्हणणार, हे गा, हे नको गाऊ. मग गाणारे काय करत? पोलिसाला कागद दाखवत. अर्थ दाखवत नसत."

मी हसले. त्या मात्र गंभीर होत्या. "पण काल चुकलंच माझं. एकटीला तुला कळलं. लोकांना कळलं नाही तर ते गाणं कशाला? नुसती टवाळी झाली ती. इथल्या भाषेत पाहिजे."

अशी मी वयाच्या पन्नाशीत कॅलिप्सोची सहायक गीतकार झाले. शाळेत कविता स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, हे मी अक्कांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा ऐकलं नाही.

गणपतीत गायचं ठरलं. आम्ही बागेतल्या बाकावर बसून चाल जुळवू लागलो आणि ध्रुवपद तर तयारच होतं, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'. ठेक्यात ते असं काही चपखल बसलं की अध्यक्षांना मानधन द्यायला हवं होतं. फिरायला येणाऱ्या बायका थांबून ऐकू लागल्या. आठवड्याभरात लिफ्टमध्ये, जिममध्ये, पाळणाघरापाशी लोक ते गुणगुणायला लागले. एका सकाळी अध्यक्ष क्लबहाउसमध्ये शिरले आणि टेबलटेनिस खेळणारी चार माणसं एकदम एका सुरात म्हणाली, "स्वल्प!" अध्यक्षांनी नमस्कार केला. मग जरा पुढे जाऊन ते थबकले.

त्या रविवारी कमिटीची तातडीची बैठक झाली. नवरा घरी आला तो मोठ्या बातमीच्या तोऱ्यात.

"कल्चरल गाइडलाइन्स आल्यात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे स्टेजवर जे काही गायचं, बोलायचं, ते आधी कमिटीला लिहून द्यायचं. कमिटी अप्रूव्ह करणार. पॉझिटिव्हिटी राहावी म्हणून."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, पारदर्शकता राहील."

"कुणाची?"

"अगं, सगळ्यांनीच हात वर केला," तो म्हणाला, आणि बादलीतलं पाणी जपून घेत पाय धुवायला गेला.

मी रागारागानं अक्कांकडे गेले. मला वाटलं त्या चिडतील, निदान हिरमुसतील. त्यांचा चेहरा उजळला. "खरंच? वाचून पास करणार? माझ्या वडलांच्या टायमासारखं?" त्यांनी गिटार उचलून एक झंकार काढला. "अगं, हे लोक मला माहेरी नेऊन सोडतायत."

मग आम्ही गाणं नव्यानं लिहिलं. कागदावर ते असं होतं:

अध्यक्षांनी पाणी आणले,
डोळ्यांत आमच्या आनंद मावेना.
नळाला पाणी नाही
कमी, ही अध्यक्षांची हमी.
सर्वांना त्यांनी पाणी पाजले,
उपकार आम्ही विसरू ना.

कविता म्हणून ते कुठल्याही बँकेच्या वर्धापनदिनाला शोभलं असतं. 'पाणी पाजले' या शब्दांची मात्र मला धास्ती होती. कमिटीत एकाला जरी धड मराठी येत असेल तर संपलं. माझी भीती अनाठायी होती. कमिटीतले मराठी लोक इंग्रजी माध्यमातले. नवऱ्यानं गाणं निविदा वाचावी तसं खणखणीत वाचून दाखवलं. अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकलं.

"ब्यूटिफुल," ते म्हणाले. "सर्वांना पाणी पाजले. व्हेरी मूव्हिंग. पण व्हिजन येत नाहीये यात."

आणि त्यांनी स्वतः पेन काढून दोन ओळी जोडल्या:

ऐसे नेतृत्व, व्हिजन मोठे,
असा दुसरा मिळेल कोठे!

गाणं एकमतानं मंजूर झालं. नवऱ्यानं येऊन सांगितलं तेव्हा त्याला वाईटही वाटत होतं. "अक्कांनी इतकी शरणागती पत्करायला नको होती," तो म्हणाला.

गणपतीच्या कार्यक्रमाला क्लबहाउस भरून गेलं. मराठी मंडळी होतीच, आणि आमच्या मसालेभाताची ख्याती ऐकून कन्नड, तमिळ, बंगाली शेजारीही आलेले. अध्यक्ष पहिल्या रांगेत. त्यांनी मंजूर गाण्याच्या प्रती छापून खुर्च्याखुर्च्यांवर ठेवल्या होत्या, सगळ्यांना साथ करता यावी म्हणून. एवढी तयारी आमच्याही डोक्यात आली नव्हती.

अक्का काठापदराची साडी नेसून, केसांत अबोली माळून स्टेजवर आल्या. तोच आनंदी ठेका. पहिली ओळ त्यांनी एका दमात पुढच्या ओळीत नेली.

"अध्यक्षांनी पाणी आणले डोळ्यांत आमच्या..."

आणि थांबल्या. गिटार चार ठोके एकटीच वाजली. मग हळूच, विसरलेलं आठवावं तसं, "...आनंद मावेना."

मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. अक्कांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नळाला पाणी नाही!" त्यांनी वरच्या सुरात आरोळी ठोकली. पुन्हा थांबल्या. गिटारवर ठेका. "नळाला पाणी नाही!" आता अर्धं सभागृह त्यांच्याबरोबर होतं. तिसऱ्यांदा सगळ्यांनी छप्पर उडवलं, "नळाला पाणी नाही!" आणि तेव्हा अक्कांनी कापडावरची सुरकुती झटकावी तसं अगदी सहज म्हटलं, "...कमी."

पुढे 'सर्वांना त्यांनी पाणी पाजले' आलं तेव्हा मराठी लोक खुर्च्यांवरून घसरत होते. शेजारची कन्नड बाई माझा दंड धरून विचारत होती, "एनु? एनु हेळिदरु?" काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी हसण्याच्या मध्ये मध्ये भाषांतर करत होते. तिनं ते पुढच्या रांगेला सांगितलं, त्यांनी त्याच्या पुढच्या, आणि हसू लाटेसारखं पुढे पुढे सरकत पहिल्या रांगेपर्यंत पोहोचलं.

अध्यक्ष हातातला कागद तपासत होते. प्रत्येक शब्द जागच्या जागी होता. खाली त्यांचीच सही होती.

शेवटी त्यांच्या स्वतःच्या ओळी आल्या. अक्का पुढे वाकल्या, कपाळावर हात आडवा धरून सभागृहभर नजर फिरवली आणि खरोखरच चिंतेत पडल्यासारखं विचारलं, "असा दुसरा मिळेल? कोठे?"

"दुसऱ्या टॉवरला बघा!" कोणीतरी ओरडलं. "नको, आमच्याकडे नको!" दुसऱ्या टॉवरनं उत्तर दिलं.

अध्यक्ष टाळ्या वाजवत राहिले. दुसरं करणार काय? चार दिवसांनी 'वॉटर फीचर' मेंटेनन्ससाठी बंद झालं आणि टँकरची पाइप घरांच्या टाकीत गेली. 'रहिवाशांच्या फीडबॅकचा आदर करून' असं अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, आणि ग्रुपवर त्यांचंच अभिनंदन झालं. कारंज्याच्या हौदात आता मुलं क्रिकेट खेळतात.

अक्का कॉम्प्लेक्सच्या लाडक्या झाल्या. आता त्यांना इडली आवडते का असं कोणी विचारेना. उलट लोक दाराशी डबे घेऊन येऊ लागले, आणि डब्याबरोबर एकेक विषय. चौथ्या मजल्यावरचा सॅक्सोफोन. पार्किंगमध्ये दोन गाड्यांची जागा अडवणारा एक डॉक्टर. एका बाईंनी तर सुनेवर गाणं करा म्हणून सांगितलं आणि सुनेनं त्याच दुपारी येऊन सासूवर. अक्का सगळ्यांचं ऐकून घेत, डब्यातलं खात आणि म्हणत, "बघू हं."

"कुणावर करणार?" मी विचारलं.

"राजावर झालं," त्या म्हणाल्या. "आता प्रजा."

आमच्याकडे एक नियम होता. प्रत्येक टॉवरला दोन लिफ्ट, एक पुढची आणि एक मागची. मागची सामान, कचरा आणि कामवाल्या बायका यांच्यासाठी. हा नियम अध्यक्षांनी लादला नव्हता. तो सर्वसाधारण सभेत जोरदार टाळ्यांत मंजूर झाला होता, 'हायजीन'च्या मुद्द्यावर. ज्या बाईच्या हातच्या पोळ्या आपण खातो, तिच्या शेजारी उभं राहून नऊ मजले जाण्यानं आरोग्याला धोका असतो, असं काहीतरी शास्त्र त्यामागे होतं. माझ्या नवऱ्यानं त्याही वेळी हात वर केला होता. त्याच्या त्या हाताला हल्ली वर जायची सवयच झाली होती.

नोव्हेंबरात कर्नाटक राज्योत्सवाच्या कार्यक्रमात अक्का पुन्हा गाणार म्हटल्यावर गर्दी उसळली. कमिटीनं गाणं आधी मागितलंच नाही. मंजुरी देण्याचा परिणाम त्यांनी पाहिला होता. लोक आधीच हसायच्या तयारीत, आज कुणाची पाळी म्हणून एकमेकांकडे बघत होते. मागे पायऱ्यांवर काम आटपून निघालेल्या बायका टेकल्या होत्या. त्यांत आमच्याकडे पोळ्या करणारी बिदरकडची बाईही होती.

ठेका सुरू झाला. तोच, गोड, नाचरा.

कुत्रं जातं पुढच्या लिफ्टनं,
दोरी धरणारी मागच्या लिफ्टनं.
डबा जातो पुढच्या लिफ्टनं,
स्वैपाकीण मागच्या लिफ्टनं.
स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!

पहिल्या दोन ओळींना हशा झाला. चौथ्या ओळीला तो पातळ झाला. ध्रुवपदाला नेहमीसारखी साथ मिळेल म्हणून अक्कांनी हात उंचावला. सभागृहातून कोणी गाईना. पायऱ्यांवरून मात्र एक खणखणीत आवाज आला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!" आमच्या पोळ्यावालीचा. मग तिच्या शेजारचीचा. मग सगळ्या पायऱ्यांचा. खुर्च्यांवरचे लोक मागे वळून बघू लागले.

अक्कांनी ठेका संथ केला.

चावी होती हातात माझ्या,
घर होतं माझ्या नावावर.
बोट दाखवलं मागच्या लिफ्टकडं,
काय लिहिलं होतं चेहऱ्यावर?

ही काही कल्पना नव्हती. अक्का राहायला आल्या त्या दिवशी, हातात ट्रंक आणि चाव्या घेऊन पुढच्या लिफ्टपाशी उभ्या असताना, कोणीतरी त्यांना मागच्या लिफ्टकडे जायला सांगितलं होतं. वॉचमननं नव्हे, आमच्यापैकीच कोणीतरी. ते बोट कुणाचं होतं हे त्यांनी गाण्यात सांगितलं नाही. आणि म्हणूनच त्या सभागृहात बरीच बोटं हळूहळू मुठीत गेली. मला हसू येत नव्हतं. अक्का मात्र हसतमुख, मान डोलावत, शेवटचा झंकार देऊन उठल्या आणि खाली येऊन मैसूरपाक घेतला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शहाणपणाचा पूर आला. 'टॅलेंटेड आहेत, पण निगेटिव्ह आहेत.' 'सणाच्या दिवशी पॉलिटिक्स कशाला?' 'त्यांनी स्वतःच्या देशावर गावं.' हे शेवटचं लिहिणाऱ्या गृहस्थाला बंगलोरला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. डबे बंद झाले. सासू आणि सून या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, की म्हातारी डोक्यावर बसलीय. एकटे अध्यक्ष खूश होते. ते मला म्हणाले, "सी, आय वॉज द ओन्ली स्पोर्टिंग वन." आणि दुर्दैवानं ते खरं होतं.

मी अक्कांचं सांत्वन करायला गेले. त्या घरी नव्हत्या. त्या दिवसापासून त्यांनी पुढच्या लिफ्टनं जाणंच सोडलं होतं. सकाळी कामवाल्या बायका यायच्या वेळी त्या फिल्टर कॉफीचा थर्मास घेऊन मागच्या लिफ्टपाशी हजर असत. ती लिफ्ट फार हळू. प्रत्येक मजल्यावर थांबत, कुरकुरत जायची. चारही टॉवरच्या मागच्या लिफ्ट एकाच आवारात उघडत, आणि नियमामुळे सगळ्या बायका तिथे रोज एकत्र येऊन वाट बघत उभ्या राहत. बोलायला इतका निवांत वेळ त्यांना दुसरीकडे कुठे मिळाला असता?

"काय करता तिथं?" मी विचारलं.

"शिकवते," अक्का म्हणाल्या. "दोन ओळी मी, दोन ओळी त्या. मला आता आवाज पुरत नाही गं. त्यांना बघ, काय आवाज आहे एकेकीला!"

आणि विषयांची तर त्यांच्याकडे काय वाण! आम्ही ग्रुपवर काय लिहितो ते आम्हाला माहीत, पण घरात काय करतो ते त्यांना माहीत. थोड्याच दिवसांत जिन्यातून, बेसिनपाशी, गॅलरीत कपडे वाळत घालताना कन्नड-मराठी-हिंदी कडवी ऐकू यायला लागली. नाव कुणाचंच नसे. डाएटवर असणाऱ्या एक बाई दार लावून लाडू खातात. एक साहेब ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर वरून कोट आणि खालून लुंगी. एक योगगुरू पाठ धरून भांडी घासणारीकडून तेल चोळून घेतात. दाराबाहेर गुणगुणणं ऐकू आलं की घरातले लोक टीव्हीचा आवाज कमी करून कान देऊ लागले. आपलंच का? शेजारच्यांचं का? माझा नवरा अनेक वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं ताट उचलून बेसिनमध्ये ठेवायला लागला.

पुढच्या सभेत नियम रद्द करण्याचा ठराव आला. तो मांडला त्याच हायजीनवाल्यांनी. माणुसकी, समानता असले शब्द कोणी उच्चारले नाहीत. एक गृहस्थ घाम पुसत एवढंच म्हणाले, "या सगळ्या बायकांना रोज सकाळी एका जागी उभं करणं सेफ नाही. त्या पुढच्या-मागच्या, मिळेल त्या लिफ्टनं आपापल्या जाऊ देत." ठराव एकमतानं मंजूर झाला. नवऱ्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला आणि या वेळी तरी तो योग्य कारणासाठी गेला, असं मी धरून चालते.

मी धावत जाऊन अक्कांना सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "मनातून नाही केलं त्यांनी."

"भीतीनं केलं. पण केलं ना?"

"माझे वडील पण असंच म्हणत," त्या म्हणाल्या. "आणि मग माणसं मनातून सुधारायची वाट बघायची का विचारलं, तर म्हणत, छे, तेवढा वेळ कुणाला आहे." मग त्यांनी मला गिटारच्या तारा कसायला बसवलं आणि स्वतः कॉफीचं पाणी ठेवलं.

परवा आमची पोळ्यावाली कणीक मळता मळता काहीतरी गुणगुणत होती. कन्नडमध्ये, तोंडातल्या तोंडात. मी दाराशी उभी राहिले तशी थांबली.

"थांबलीस का? म्हण ना."

ती लाजली. परातीत पीठ टाकून म्हणाली, "तसलं काय नाही, ताई."

"खरं सांग. आमच्यावर आहे का एखादं?"

"साहेबांवर आहे," ती म्हणाली. "लई चाललंय ते. तिकडं चौथ्या टॉवरला पण म्हणतात."

मला मनापासून आनंद झाला. "आणि माझ्यावर?"

तिनं पोळी लाटायला घेतली, उलटली, कडा सारख्या केल्या, तव्यावर टाकली. "इदे," ती म्हणाली. आहे.

"काय आहे त्यात?"

"चाल अजून बसली नाही," ती म्हणाली. सगळ्या पोळ्या झाल्यावर तिनं हात धुतले, पदर खोचला, पुढच्या लिफ्टचं बटण दाबलं आणि दार बंद होता होता गुणगुणायला लागली.